अप्पांची दिवसाची झोप

माझ्या नातीनं बेंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या तिच्या फ्लॅटमध्ये टीव्ही घेतलेला नाही. मूल वाढवायचं तर टीव्हीशिवाय, असं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं ठरवलंय. घरी कुणी मैत्रीण आली की ती माझ्याकडे बोट दाखवून सांगते, आमच्या आज्जीनं तीन मुलं टीव्हीशिवाय वाढवली. मैत्रिणी माझ्याकडे आदरानं बघतात, आणि मीही चहाचा कप धरून जरा ताठ बसते. आता खरं सांगायचं तर ज्याच्या घरात गूळच नाही त्यानं गोड सोडल्याची फुशारकी मारावी, तसं हे आहे. आमच्या घरात टीव्ही आला तेव्हा थोरलीला स्थळं सांगून येत होती. त्याआधी अख्ख्या गल्लीत तो कुणाकडे नव्हता, तर तो न लावण्यात माझं कसलं कौतुक?

पण एक आहे. पोरांना गप्प कसं बसवायचं, ते मला येत होतं. आता टीव्ही जे काम करतो, म्हणजे पोरांना एका जागी चिकटवून त्यांची तोंडं बंद करायची, ते मी तेव्हाच्या जयनगरात नुसत्या हातांनी केलं होतं. इतकं चांगलं केलं होतं की ते माझ्याच अंगाशी आलं. नातीच्या मैत्रिणींना मी हे सांगत नाही, म्हणून इथं लिहिते.

आम्ही निपाणीकडचे. हे, म्हणजे माझे यजमान, बेंगळूरला एका कारखान्यात लागले आणि आम्ही इकडं आलो. जयनगर तेव्हा नवं होतं. आखलेले रुंद रस्ते, रस्त्यांवर माणूस नाही, आणि दोन घरांच्या मध्ये चार-चार मोकळे प्लॉट, त्यांत घाणेरीची झुडपं आणि वारुळं. आम्ही एका घराच्या मागच्या औटहाऊसमध्ये भाड्यानं राहत होतो. एक खोली, एक स्वैपाकघर, आणि पुढं फरशीचा एक पट्टा. त्याला आम्ही व्हरांडा म्हणायचो, कारण गावी पत्रात तसं लिहायला बरं वाटायचं. पुढच्या मोठ्या घरात मालकीणबाई. त्याही मराठीच, पण पाच-सहा पिढ्यांपूर्वी इकडं आलेल्या घरातल्या. त्यांच्या यजमानांचं चिकपेटेत कापडाचं दुकान होतं. त्यांना सगळे अक्का म्हणायचे, म्हणून मीही अक्काच म्हणायची. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड आणि माझ्या कन्नडात निम्मं मराठी, त्यामुळं आमचं छान जमायचं.

त्या वर्षी कारखान्यात कामाचा फार रेटा होता. एरवी पाळ्या फिरत्या असायच्या, पण दिवाळीनंतर यांना सलग चार महिने रात्रपाळी लागली. सकाळी साडेसातला कारखान्याची बस आणून सोडायची. अंघोळ, जेवण, आणि नऊला हे आडवे व्हायचे ते तीनपर्यंत. खिडकीला मी घोंगडं ठोकून खोलीत अंधार केला होता. अडचण एवढीच की खोली एकच, आणि तिच्यात माणसं पाच. त्यांतली थोरली साडेपाच वर्षांची, मधला मुलगा चार वर्षांचा आणि धाकटी दहा महिन्यांची.

पहिले आठ-दहा दिवस मी विशेष मनावर घेतलं नाही. पोरं आहेत, दंगा करणारच. हे उठून बसायचे, पाणी प्यायचे, पुन्हा कूस बदलायचे. मग एका सकाळी हे जेवायला बसले आणि भाताचा घास हातातच राहिला. कारखान्यात यांच्या शेजारी पत्रा दाबायच्या यंत्रावर, प्रेसवर, काम करणाऱ्या माणसाची दोन बोटं गेली होती. त्याच्या घरी नवं बाळ, दिवसा झोप नाही. डुलकी लागली त्याला, हे म्हणाले, उभ्या उभ्या. मग जेवण उरकून हात धुतले, आणि धुताना हातांकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. ते मी पाहिलं. त्या दिवशी मी ठरवून टाकलं की नऊ ते तीन या घरात टाचणी पडली तरी ती मला विचारून पडेल.

आता गंमत अशी की घरात सगळ्यांत मोठा आवाज माझाच. मी मळ्यात वाढले. विहिरीवरून हाक मारली की पलीकडच्या बांधावरचा माणूस जेवायला यायचा, आणि त्याच्याही पलीकडच्या बांधावरचा. लग्न झाल्यावर सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, सून गुणाची आहे, फक्त जरा लांबून ऐकायला पाहिजे. मी 'गप्प बसा' म्हटलं की पोरं गप्प बसायची, पण हे दचकून उठायचे. म्हणजे पहिली शाळा माझीच झाली. मी कुजबुजायला शिकले. कुजबुजत रागावणं फार अवघड, कुणी करून बघावं. सगळा राग डोळ्यांत आणि भुवयांत आणावा लागतो. थोरली अजून म्हणते, आई, तुझ्या भुवयांचं भय वाटायचं.

मग घरातल्या आवाजांचा बंदोबस्त केला. पितळी भांडी अक्कांच्या स्वैपाकघरात गेली. वाटण-घाटण सगळं आठाच्या आत. चन्नपट्टणची एक लाकडी गाडी होती, तिची चाकं फरशीवर गडगडायची. त्यांना चिंध्या गुंडाळून वरून टाके घातले, तेव्हा गाडी चोरपावलांनी चालायला लागली. सागरगोटे खेळायचे ते गोधडीवर. गोट्या बंद, भोवरा बंद. कागद फाडायचा तर आधी भिजवून, कारण ओला कागद फाटताना आवाज करत नाही. हा शोध माझा, आणि मला त्याचा आजही अभिमान आहे.

खेळ तर मी रोज नवे काढायची. एक होतं मुक्यांचं राज्य. राजानं खुणेनं हुकूम करायचा, प्रजेनं खुणेनंच ऐकायचं, आणि जो बोलेल तो राज्याबाहेर, म्हणजे व्हरांड्यात. मुंग्यांची रांग भिंतीतून कुठून निघते आणि कुठं जाते, ते पोटावर पडून बघायचं. गुळाच्या एका खड्यावर अर्धी सकाळ निघायची. लपाछपीसुद्धा आमच्यात मुकी. ज्याच्यावर राज्य त्यानं डोळे मिटून हाताची बोटं एकेक करून दुमडायची, सापडलेल्याला नुसता हात लावायचा, आणि सापडलेल्यानं तोंडातून ब्र न काढता बाहेर यायचं. शाळेत मास्तर हाताची घडी आणि तोंडावर बोट सांगतात, ते आमच्या घरी सांगावंच लागत नव्हतं.

धाकटीला मात्र यातलं काही पटण्यासारखं नव्हतं. दहा महिन्यांचं पोर, भूक लागली की ती जगाला सांगणार. तिचा पाळणा अक्कांनी आपल्या पुढच्या ओसरीवर टांगून घेतला. मी सकाळी तिला तिकडं निजवायची आणि मधून मधून जाऊन पाजून यायची. अक्कांनी त्या वर्षी लाख वातींचा नेम धरला होता आणि वाती वळायला त्यांना हात हवे होते. माझी दोन पोरं मी त्यांना देऊन टाकली. कापसाला आवाज नसतो. थोरली वाती वळायची, मधला कापसातली सरकी वेचायचा, आणि अक्का त्यांच्या खिशात फुटाणे भरायच्या. अक्का मला म्हणायच्या, ही लेकरं आहेत की देव्हाऱ्यातल्या मूर्ती गे, स्वल्प दंगा करू दे की. मी मनात म्हणायची, दृष्ट लावू नका.

थंडीत बाजारात अवरेकाई आली. पावट्याच्या जातीच्या या शेंगांवर बेंगळूरच्या माणसाचा फार जीव. दाणे आदल्या दिवशी भिजत घालायचे, आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबला की सालातून आतला दाणा सुळकन बाहेर उडतो. त्या सोललेल्या दाण्यांना हितकबेळे म्हणतात. टोपलीभर दाणे म्हणजे दोन पोरांचे पुरे तीन तास. दाणा परातीत पडला की टण्णकन वाजायचा, म्हणून परातीत ओलं फडकं अंथरलं. मधल्याचा नेम इतका पक्का झाला की तो हातभर लांब बसून दाणा बरोबर फडक्यावर उडवायचा. त्या थंडीत आम्ही रोज हितकबेळ्याचं सांबार खाल्लं. शेवटी यांनी विचारलं, बाजारात दुसरी भाजी येत नाही का? येत होती, पण दुसऱ्या कुठल्या भाजीला तीन तास लागत नव्हते.

दहाच्या सुमाराला मी दोघांना मोकळ्या प्लॉटांवर न्यायची. तिथं ओरडा म्हणून सांगायची. काय बोंबलायचं ते बोंबला, इथं कुणी झोपलेलं नाही. पहिला महिनाभर बोंबलायची. पुढंपुढं मात्र तिथंही मधला माझा पदर ओढायचा, मला खाली वाकवायचा आणि कानात सांगायचा, आई, सरडा. थोरली दगड मारायची तर आधी दगड कुठं पडेल ते बघायची. हे पाहून मला काळजी वाटली असं मी लिहीन तर ते खोटं होईल. मला कौतुक वाटलं. गावी पत्र धाडलं की मुलं फार शहाणी झाली आहेत. यांना सहा-सहा तास झोप मिळत होती, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं, दहाही बोटं रोज सकाळी घरी येत होती. मला आणखी काय पाहिजे होतं?

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सकाळी साडेदहाची वेळ. त्या दिवशी प्लॉटवर वारं फार सुटलं होतं, धूळ उडत होती, म्हणून दोघांना मागच्या अंगणात मुकी लपाछपी खेळायला सोडलं आणि मी धाकटीला पाजायला पुढं ओसरीवर गेले. परत आले तर थोरली एकटीच पायरीवर बसलेली. तिनं दोन्ही तळहात उघडून दाखवले. सापडत नाही.

अंगण ते केवढं. एका कोपऱ्यात न्हाणी, दुसऱ्या कोपऱ्यात अक्कांची जळणाची खोली, आमच्या खिडकीला अगदी लागून. न्हाणीत बघितलं, रिकामी. जळणाच्या खोलीला बाहेरून कडी होती, म्हणजे आत कुणी असण्याचा प्रश्नच नव्हता. कर्दळीच्या मागं बघितलं, अक्कांच्या जिन्याखाली बघितलं, धुण्याच्या दगडाआड बघितलं. मग माझं लक्ष मागच्या फाटकाकडं गेलं. ते उघडं होतं.

मी थोरलीला पायरीवरच बसायला सांगून बाहेर धावले. तीन प्लॉट सोडून एक घर बांधायला काढलं होतं. तिथं विटा भिजवायला हौद केला होता, मोठ्या माणसाच्या कमरेएवढा. मधल्याला तो हौद फार आवडायचा. तिथल्या गवंड्यांना विचारलं, तर मुलाला कुणी पाहिलं नव्हतं. त्यांतल्या एकानं बांबू उचलला आणि हौदात उतरवून फिरवायला लागला. तो बांबू फिरत होता तेवढा वेळ मी काय करत होते ते मला आठवत नाही. हौदात नुसतं पाणी होतं. त्या गवंड्यानं मला खाली बसवलं आणि प्यायला पाणी दिलं.

मग मी रस्त्याच्या दोन्ही टोकांपर्यंत जाऊन आले. तिथं हाका मारल्या, बेंबीच्या देठापासून मारल्या. पण फाटकातून आत पाऊल टाकलं की माझा आवाज आपोआप खाली यायचा. अंगणात मी त्याला कुजबुजत शोधत होते. पोर हरवलंय, आणि आई त्याचं नाव कुजबुजतेय.

अक्का धाकटीला कडेवर घेऊन मागं आल्या. त्याही हळूच बोलत होत्या, आमच्यामुळं त्या घरालाही तीच सवय लागली होती. त्या म्हणाल्या, तुझ्या यजमानांना उठव. मी घोंगड्याच्या खिडकीकडं बघितलं. त्यांना झोपून जेमतेम दोन-अडीच तास झाले होते. उठवलं तर मूल सापडेपर्यंत ते पाठ टेकणार नाहीत, आणि सापडल्यावर त्यांना झोप कुठली लागायला. तसेच रात्री जाऊन प्रेसपुढं उभे राहतील. कारखान्यातल्या त्या माणसाची बोटं मी कधी पाहिली नव्हती, पण त्या घटकेला ती मला स्पष्ट दिसली. अजून एकदा बघून येते, असं अक्कांना सांगून मी पुन्हा बाहेर पडले.

दुसऱ्यांदा हात हलवत परत आले तेव्हा बारा वाजून गेले होते. माझ्या चपला कुठं राहिल्या होत्या कोण जाणे. थोरली पायरीवरच होती. मला बघून ती रडायला लागली, आणि मी तिच्याकडं जाताना हुंदका दिला तर तिनं स्वतः रडत रडत ओठांवर बोट ठेवलं. सवयीनं ठेवलं, बिचारीनं. त्या बोटानं माझं डोकं फिरलं. मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि मळ्यातली हाक मारली. त्याचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट. ते नाव मी उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलं नव्हतं.

कावळे उडाले. पलीकडच्या घराची खिडकी उघडली. आणि जळणाच्या खोलीतून, बाहेरून कडी लावलेल्या त्या दाराच्या मागून, अगदी हळू आवाज आला.

"आई, हळू. अप्पा झोपलेत."

कडी मी काढली की अक्कांनी, ते आठवत नाही. तो लाकडांच्या ढिगावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. केसांत सालपटं, चड्डी ओली. झालं होतं ते एवढंच. तो लपायला आत शिरला, आणि मी ओसरीवर होते तेवढ्यात अक्का मागं आल्या. दार उघडं दिसलं, मांजर जाऊन घाण करेल म्हणून त्यांनी ते लोटून कडी घातली. यांची झोप मोडू नये म्हणून जपून, अजिबात आवाज न करता घातली. आत अंधार झाला तेव्हा त्याला कळलं की दार बंद झालं. त्यानं हाक मारली नाही. हाक मारायची नसते, हे मीच शिकवलं होतं. मी तीनदा त्या दारावरून गेले होते, तेव्हाची माझी कुजबूजसुद्धा त्यानं ऐकली होती. अक्का तिथंच धुण्याच्या दगडावर बसल्या आणि माझ्याच हातांनी गे, माझ्याच हातांनी, एवढंच म्हणत राहिल्या.

हे दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. ते आले, त्याच्यापुढं उकिडवे बसले आणि विचारलं, "रडला नाहीस?"

"रडलो," मधला म्हणाला. "शर्ट तोंडात घालून रडलो."

हे त्यानं शाबासकी मिळेल अशा तोंडानं सांगितलं. त्याच्या शर्टाचा पुढचा भाग ओला होता, आणि एक गुंडी चावून अर्धी झाली होती. मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या आहेत आणि बहुतेकींचं मी समर्थनही करू शकते, तो माझा स्वभाव आहे. या चुकीचं मात्र करता आलं नाही. मला त्या पोरापुढं लाज वाटली, चार वर्षांच्या पोरापुढं. यांनी त्याला उचलून खांद्यावर टाकलं आणि अंगणात नुसते फेऱ्या घालत राहिले.

थोड्या वेळानं मी म्हणाले, आता तरी तासभर पडा. तर यांनी मला उलट विचारलं, त्या माणसाला डुलकी लागली ती कुठं? मी म्हणाले, प्रेसपाशी.

"तिथं शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं," हे म्हणाले. "एवढ्या आवाजात त्याला झोप लागली. मग मला माझ्या पोरांच्या आवाजात लागणार नाही होय?"

अडीच महिने मी चाकांना चिंध्या बांधत होते, आणि हे साधं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. यांनी कधी सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलं नाही. मी मनाशी ठरवलं आणि मीच अमलात आणलं, आणि हे बिचारे शांत घरात झोपत राहिले. त्यांना वाटायचं पोरं बाहेर खेळतात.

त्या दिवशी ते पुन्हा झोपले नाहीत आणि तसेच कामावर गेले. दुसऱ्या सकाळी मी साडेसहापासून फाटकात उभी होते. बस आली. उतरल्या उतरल्या यांनी लांबूनच दोन्ही हात वर करून बोटं पसरून दाखवली. मी घरात जाऊन चहा ठेवला आणि चुलीपुढं बसून थोडं रडून घेतलं.

पितळी भांडी परत आली. गाडीच्या चाकांच्या चिंध्या सोडल्या. थोरलीचा आवाज दोन दिवसांत आला, आणि तो माझ्यावर गेलाय हे सगळ्या गल्लीला कळलं. अक्का म्हणाल्या, सरी, बरं झालं, आता हे माणसांचं घर झालं. यांनी पहिले काही दिवस कानांत कापूस घालून कुशी बदलल्या, चिडले, एकदा उशी उचलून अक्कांच्या गच्चीवर गेले आणि उन्हानं भाजून परत आले. मग हळूहळू झोप लागायला लागली. पूर्वीसारखी सहा तास नाही, पण लागायची.

मधल्याचा आवाज मात्र परत येईना. बोलायचा, हसायचा, सगळं करायचा, पण सगळं दबक्या आवाजात. दार आपटलं की आधी खिडकीकडं बघायचा. मी शिकवायला गेले, मोठ्यानं बोल रे राजा, तर तो माझ्या भुवयांकडं बघायचा. यावर मी काय करणार होते? ते काम यांनी घेतलं. रोज संध्याकाळी कामावर जाण्याआधी हे त्याला मोकळ्या प्लॉटवर न्यायचे. एका टोकाला हे उभे, दुसऱ्या टोकाला तो. अप्पा म्हणून हाक मार, असं हे सांगायचे. तो मारायचा. ओठ हललेले दिसायचे, आवाज यायचा नाही. मग हे स्वतः ओरडून दाखवायचे. खाकी पँट घातलेला एक मोठा माणूस वारुळापाशी उभा राहून अप्पा, अप्पा म्हणून बोंबलतोय, हे बघून सायकलवाले थांबायचे. एकानं थांबून मला विचारलंही की यांचे वडील हरवलेत का.

असं महिनाभर चाललं. यांनी एकदाही त्याला घाई केली नाही, आणि एकदाही नागा केला नाही. मला वाटायचं सोडून द्यावं, मोठा होईल तसा ओरडेल आपोआप. पण हे ऐकायचे नाहीत. म्हणायचे, मी झोपलेला असताना त्याला हाक मारता आली पाहिजे.

फेब्रुवारी सरत आला होता. एका दुपारी अक्कांनी अंगणात चादर पसरून तिच्यावर संडिगे वाळत घातले होते, तांदळाच्या पिठाचे ते तळायचे असतात तसले. मी स्वैपाकघरात होते. अंगणातून एकाएकी हाक आली, "अप्पा!"

इतक्या मोठ्यानं आली की पहिल्यांदा मला तो आवाज कुणाचा ते कळलंच नाही. मी बाहेर येईपर्यंत हे माझ्यापुढं होते, अनवाणी, लुंगी एका हातानं धरलेली, चेहऱ्याचा रंग उडालेला. मधला चादरीपाशी उभा होता. काही झालेलं नव्हतं.

"काय रे?" यांनी विचारलं.

"माकड."

"कुठंय?"

"गेलं."

घड्याळात साडेबारा वाजले होते. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात हे म्हणाले, पुन्हा आलं की पुन्हा हाक मार. आणि आत जाऊन झोपले.

माकड काही पुन्हा आलं नाही. पण रात्रपाळी संपेपर्यंत मधला रोज दुपारी एकदा खिडकीखाली जाऊन मोठ्यानं हाक मारायचा, काही नसताना. आतून ओ यायची. हे उठायचे नाहीत, डोळेसुद्धा उघडायचे नाहीत, आणि संध्याकाळी विचारलं तर त्यांना काही आठवायचं नाही. झोपेतच ओ द्यायचे. तेवढी ऐकली की तो खेळायला जायचा.